यादीत नसलेलं विद्यापीठ

"टपालानं साधी म्हैस येत नाही, आणि यांना पदव्या बऱ्या येतात!"

हे वाक्य वर्तमानपत्राच्या मागून आलं. मी टेबलाखाली बसून खालच्या खणातले जुने दिवाळी अंक वर्षवार लावत होते, त्यामुळे बोलणाऱ्याच्या आणि माझ्यामध्ये वीतभरच अंतर होतं. त्यांना मी तिथे असल्याचं माहीत नव्हतं.

"काय म्हणालात, सर?" मी टेबलाखालून डोकं काढलं.

वर्तमानपत्र थोडं हललं. "काही नाही. उकाडा वाढणार म्हणतात."

गुळवणी सर आमच्या लोकमित्र वाचनालयाचे कार्यवाह. हायस्कूलचे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. शाळा सुटली तरी लाल पेन सुटलं नव्हतं. सकाळी येऊन ते वर्तमानपत्रातल्या चुका दुरुस्त करत आणि मगच ते इतरांना वाचायला मिळे. अशा माणसाला मनातलं बोलताना पकडलं की तो हवामानाकडे वळतो, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी त्यांच्या पुढ्यात पडलेला कागद पाहिला. वर्तमानपत्रात घालून वाटलेली ती जाहिरात होती. 'घरबसल्या पदवी! आता आपल्या हिवरगावात! अखिल विश्व प्रज्ञावर्धिनी दूरशिक्षण विद्यापीठ. मार्गदर्शक : डॉ. आप्पासाहेब जगदाळे.' आणि खाली, जरा बारीक अक्षरात : 'पहिल्या विद्यार्थिनी : आपल्या वाचनालयाच्या ग्रंथपाल सौ. प्रमिलाताई.'

सौ. प्रमिलाताई म्हणजे मी. मला कुणी विचारलं नव्हतं.

ही तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी अडतीस वर्षांची होते आणि माझ्याकडे बारावीच्या गुणपत्रिकेखेरीज एकही कागद नव्हता. वाचनालय मला मिळालं ते आप्पांमुळे. लग्न होऊन नवीन आले होते, तेव्हा त्यांच्या पिठाच्या गिरणीत दळण ठेवून मी उभ्या उभ्या भडंगाच्या पुडीचा कागद वाचत होते. दळण झालं, माझा नंबर गेला, मागच्या तिघींची ज्वारी दळून झाली, तरी मी कागद उलटा करून मागची बाजू वाचत होते. आप्पा म्हणाले, "पोरी, हितं उभारून वाचतीस त्यापरास तिथं बसून वाच की." आणि वाचनालयाची किल्ली माझ्या पिशवीत टाकली. ते वाचनालयाचे अध्यक्ष होते, इमारतही त्यांनीच दिलेली. तिथे मी सोळा वर्षांत नोंदणी शिकले, वर्गीकरण शिकले, पुस्तकं बांधायला शिकले. सगळं पुस्तकं वाचून. चार हजार पुस्तकांतलं कुठलंही डोळे मिटून काढून देत असे.

पण तपासणी अधिकाऱ्यांना डोळे मिटून चालत नाही. त्या वर्षी त्यांनी शेरा मारला : ग्रंथपाल अप्रशिक्षित. जूनअखेरपर्यंत मान्य अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्याची पावती दाखवावी, अन्यथा पात्र व्यक्तीची नेमणूक करावी.

म्हणजे मला काढावं. सरकारी भाषेत वाक्य कसं सौम्य लागतं!

त्यावर आप्पांनी काढलेला हा तोडगा होता. त्यांना वाटलं, प्रमिलाची सोय झाली. आणि माझ्यामागून गावातल्या सात जणी तयारच होत्या. कुणाला अंगणवाडीत जायचं होतं, कुणाला नर्सिंग करायचं होतं. रेश्मा मुल्ला शिलाईकाम करायची, तिला बालवाडीची शिक्षिका व्हायचं होतं. ती जाहिरात वाचून दुपारी वाचनालयात आली.

"ताई, तुम्ही भरताय म्हणजे खरंच असणार. मी पण भरते."

"थांब जरा," मी म्हटलं. "मला आधी बघू दे."

"तुम्ही बघा. मी पैसे जमवते."

आता या विद्यापीठाचं आणि आप्पांचं नातं सांगायला हवं. त्याच्या सहा वर्षं आधी याच विद्यापीठाने आप्पांना डॉक्टरेट दिली होती. विषय, 'ग्रामीण समाजसेवा'. पदवीदान सोहळा पुण्यात एका मंगल कार्यालयात झाला. संध्याकाळी तिथे कुणाचा तरी साखरपुडा होता म्हणून कुलगुरूंचं भाषण अर्ध्यात थांबवून चारच्या आत सगळ्यांना डॉक्टर करावं लागलं. आप्पा परत आले ते झगा आणि चौकोनी टोपी घालूनच. वेशीपासून हलगी लावून मिरवणूक निघाली. ग्रामपंचायतीने शाल-श्रीफळ दिलं, सोसायटीने दिलं, तालमीने दिलं. आमच्या गावात शाल एकदा खांद्यावर पडली की ती परत घ्यायची रीत नाही. आणि ज्याच्या सत्काराला तुम्ही टाळ्या वाजवल्या, त्याच्याबद्दल नंतर शंका काढणं म्हणजे स्वतःच्याच हातांना खोटं पाडणं. त्यामुळे शंका सगळ्यांना होती आणि बोलत कुणीच नव्हतं.

मी तर मुळीच बोलू शकत नव्हते. मानपत्र मी लिहिलं होतं. आप्पा म्हणाले होते, "जरा भारदस्त लिही." मी लिहिलं, 'विद्वत्तेचा महामेरू'. ते मानपत्र चौकटीत घालून गिरणीत लावलं होतं. त्याच्यावर बारमाही पीठ बसायचं.

त्यानंतर महिन्याभराने धनगरवाड्याची एक म्हातारी तापाने फणफणलेलं नातवंड घेऊन गिरणीत आली. "डाक्टर झालाय म्हनं. बघ की रं, आप्पा, ह्येला." आप्पा म्हणाले, मी तसला डॉक्टर नव्हे. म्हातारीने विचारलं, "मग कसला?" आप्पांनी जीप काढली आणि स्वतः पोराला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. असा माणूस. याला कोण काय बोलणार?

विद्यापीठाचे आमच्या भागातले संयोजक डहाळे म्हणून होते. पांढरा सफारी, दोन मोबाइल. ते माहितीपुस्तिका घेऊन वाचनालयात आले. मी त्यांना चहा दिला आणि प्रश्न विचारायला बसले. ते मला आधीच विद्यार्थिनी समजत होते, त्यामुळे प्रेमाने बोलत होते.

"साहेब, तुमच्या विद्यापीठाला मान्यता कुणाची?"

"मान्यतेची प्रक्रिया वरच्या स्तरावर आहे, ताई."

"किती वरच्या?"

"फार वरच्या."

"आणि परीक्षा कुठे होते?"

"घरीच. तुम्हाला त्रास नको म्हणून उत्तरपत्रिकेसोबत आम्ही उत्तरंही पाठवतो."

"मग मी करायचं काय?"

"स्वाक्षरी," डहाळे म्हणाले.

ते गेल्यावर मी माहितीपुस्तिका उघडली. पहिल्याच पानावर विद्यापीठाची भव्य इमारत होती. खांब, कारंजं, समोर हिरवळ. ही इमारत मी कुठेतरी पाहिली होती. मी टेबलाखाली गेले आणि अंकांचे गठ्ठे उपसले. तिसऱ्या गठ्ठ्यात सापडली. एका दिवाळी अंकाच्या मलपृष्ठावर, रंगाच्या कंपनीच्या जाहिरातीत. तीच इमारत, तेच कारंजं. फक्त तिथे वर लिहिलं होतं, 'दहा पावसाळे टिकणारा रंग'.

मी खूप वेळ हसत बसले. आणि मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे लक्ष गेलं. जूनचे आठच दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या फोनवरून जिल्हा ग्रंथालय कार्यालयाला फोन लावला. पलीकडे एक बाई होत्या. आवाजावरून माझ्याच वयाच्या, माझ्याएवढ्याच कंटाळलेल्या.

"विद्यापीठाचं नाव सांगा."

मी सांगितलं.

"परत सांगा. मी लिहायला घेतलं तोवर संपलं नव्हतं."

मी परत सांगितलं. पानं चाळल्याचा आवाज आला.

"मान्य विद्यापीठांच्या यादीत नाही."

"नीट बघितलंत का, मॅडम?"

"बघितलं. दुसऱ्या यादीत आहे."

"दुसरी कुठली?"

"बोगस विद्यापीठांची. दर वर्षी निघते. आमच्याकडे भिंतीला लावलेली आहे, पण लोक भिंतीकडे बघत नाहीत." पानं मिटल्याचा आवाज आला. "आणि बाई, एक लक्षात ठेवा. नुसती मान्यता बघून भागत नाही. तो कोर्स आपल्या पदाला चालतो का, हेही विचारायचं. परवा एक जण अगदी अस्सल विद्यापीठाचं प्रमाणपत्र घेऊन आला होता ग्रंथपाल व्हायला. योगासनांचं होतं."

"मग मी काय करू?"

"इथे ग्रंथालय प्रमाणपत्राचा मान्य वर्ग आहे. शनिवार-रविवार यायचं, परीक्षा खरोखरची द्यायची. शुक्रवारी अर्ज बंद. स्वतः या, बारावीचा कागद आणा. शुक्रवार चुकलात की वर्ष गेलं."

वर्ष गेलं म्हणजे किल्ली गेली. आणि गुरुवारी दुपारी वाचनालयातच माझा प्रवेश समारंभपूर्वक होणार होता. आमच्याकडे अर्ज भरायलाही हार लागतो.

मी गुळवणी सरांना इमारत दाखवली, रंगाची जाहिरात दाखवली, फोनवरचं सांगितलं. सरांनी दोन्ही चित्रं शेजारी ठेवून चष्म्यातून, मग चष्म्यावरून पाहिली.

"खांब सारखेच आहेत," ते म्हणाले.

"सर, इमारत एकच आहे."

"हं. तसं म्हणता येईल."

"तुम्ही आप्पांना सांगाल का? तुमचं ऐकतील."

सरांनी लाल पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. "प्रमिला, मी सत्काराचा अध्यक्ष होतो. पंचेचाळीस मिनिटं बोललो. ज्ञानेश्वरीतल्या ओव्या घेतल्या होत्या."

संध्याकाळी घरी ह्यांना सांगितलं. हे एसटीच्या डेपोत मेकॅनिक. भाकरीचा तुकडा मोडत शांतपणे ऐकून घेतलं.

"गाडीचा पाटा तुटलेला असतो ना," हे म्हणाले, "ड्रायव्हरला ठाऊक असतं, कंडक्टरला ठाऊक असतं. पॅसेंजरांनाही आवाजावरून कळतं. पण बोललं की उतरून चालावं लागणार, म्हणून सगळे खिडकीबाहेर बघतात."

"मग मी काय करू?"

"मला काय विचारतेस? महामेरू तू लिहिलंस."

"तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या."

"मी शिट्टी पण वाजवली होती," हे म्हणाले आणि भाजी वाढून घेतली.

बुधवारी मी ठरवलं, आपणच सांगायचं. ज्वारीचा डबा घेऊन गिरणीत गेले. गिरणीच्या आवाजात बोललेलं फक्त ज्याला सांगायचं त्याला ऐकू जातं, हा माझा हिशेब. आप्पा पट्ट्याशी उभे होते, भुवयांवर पीठ. मी कानाजवळ जाऊन ओरडले, "आप्पा, तुम्हाला एक सांगायचंय, त्या पदवीचं..."

आणि पट्टा निसटला. गिरणी बंद. डबे घेऊन उभ्या असलेल्या पाच बायका माझ्याकडे बघायला लागल्या.

"काय म्हन्तीस?" आप्पा म्हणाले.

"ज्वारी जरा बारीक दळा."

"एवढ्यासाठी वरडतीस व्हय?" ते म्हणाले. पण हसले नाहीत. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि मग वाकून पट्टा बसवायला लागले.

गुरुवार उजाडला. वाचनालयाच्या दारावर आंब्याचं तोरण, आत वीस-पंचवीस माणसं. सरपंच बाहेरगावी होते, तसे ते अडचणीच्या वेळी असतातच. टेबलावर हार, नारळ, प्रवेश अर्ज. आप्पा मधल्या खुर्चीत, एका बाजूला गुळवणी सर इतिवृत्ताची वही उघडून, दुसऱ्या बाजूला डहाळे. पुढच्या सतरंजीवर सात जणी, रेश्मा सगळ्यांत पुढे, हातात रुमालात बांधलेले पैसे. दाराशी आमचे हे, डेपोतून रजा टाकून. ते खिडकीबाहेर बघत होते.

डहाळ्यांनी भाषण केलं. ज्ञान, खेडं, स्त्री, एकविसावं शतक. मग पेनाचं टोपण काढून पेन माझ्यापुढे धरलं. "या, ताई. इतिहास घडवा."

मी पेन घेतलं नाही.

"साहेब, आधी एक विचारू? या प्रमाणपत्रावर माझी नोकरी टिकेल का?"

"का नाही टिकणार?"

"मी जिल्ह्याला फोन केला होता. त्यांच्या यादीत तुमचं विद्यापीठ नाही."

सभेत एक बारीक हालचाल झाली. सतरंजीवर बसलेल्या माणसांना एकदम मुंग्या आल्यासारखी.

"यादी जुनी असेल," डहाळे म्हणाले.

"या वर्षीची आहे. आणि ही तुमची इमारत." मी माहितीपुस्तिका आणि दिवाळी अंक शेजारी शेजारी ठेवले. "ही रंगाच्या कंपनीची आहे."

पुढच्या रांगेतल्या दोघांनी माना लांबवून बघितलं. एक जण म्हणाला, "रंग बाकी चांगला दिसतोय." कुणीतरी त्याला कोपर मारलं.

डहाळे मात्र कच्चे नव्हते. त्यांनी हार उचलून बाजूला ठेवला आणि आवाज मृदू केला. "ताई, इमारत प्रतीकात्मक असते. आमचं खरं उदाहरण तुमच्यासमोर बसलेलं आहे. डॉक्टर आप्पासाहेब. आता तुम्ही भरसभेत स्पष्ट सांगा, आप्पासाहेबांची पदवी खोटी आहे असं म्हणायचंय का तुम्हाला?"

मी गुळवणी सरांकडे पाहिलं. ते वहीत तारीख लिहीत होते. मघाशी लिहिलेलीच परत गिरवत होते. मी दाराकडे पाहिलं, हे खिडकीकडे बघत होते. आप्पांकडे बघायचा धीर झाला नाही.

"मला तसं काही म्हणायचं नाही," मी म्हटलं. "मला एवढंच म्हणायचंय, की मी ही सही केली तर उद्याचा शुक्रवार जाईल आणि महिन्याभरात मला हे वाचनालय सोडावं लागेल. म्हणून मी सही करणार नाही. उद्या जिल्ह्याला जाऊन तिथला अर्ज भरणार आहे. आप्पा, तुम्हाला हे आवडलं नसेल तर..." मी पदराच्या गाठीतून किल्ली काढून टेबलावर ठेवली. "तुम्ही दिलेली आहे. तुम्हीच ठेवा."

म्हणजे बघा, नोकरी सोडायला मी तयार झाले, पण ते एक वाक्य काही माझ्या तोंडातून निघालं नाही.

"ताईंचा गैरसमज झालाय," डहाळे हसून म्हणाले. "हरकत नाही. पुढच्या भगिनी या."

रेश्मा उठली. पण टेबलाकडे गेली नाही, जागेवरच उभी राहिली.

"ताई, तुम्ही सही करत नाही, मग आम्ही करायची का नाही?"

"रेश्मा, तू तुझं..."

"माझं काय? मी तुमच्या नावावर आले. चौदा ब्लाउज शिवून पैसे जमवलेत." तिने सभेकडे वळून पाहिलं. "सर, तुम्ही सांगा. तुम्ही मला शाळेत शिकवलंय. हे खरं आहे का खोटं? एक काय ते बोला. मी मशीन बंद ठेवून आलेय."

सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"भाऊजी, तुम्ही?"

हे दारातून म्हणाले, "मी डेपोतला माणूस, मला विद्यापीठातलं काय कळतंय?"

"कुणालाच कळत नाही व्हय?" रेश्मा म्हणाली. "सगळे शिकलेले बसलाय हितं."

ती रुमालाची गाठ सोडायला लागली. गाठ सुटेना. डहाळ्यांनी हात पुढे केला.

"थांब, पोरी." आप्पा उठले होते.

त्यांनी डोक्यावरची रोजची पांढरी टोपी काढून टेबलावर ठेवली. गिरणीतला माणूस घरातून कितीही स्वच्छ होऊन आला तरी कानामागे पीठ राहतं, तसं राहिलं होतं. ते गुळवणी सरांकडे वळले.

"सर, पोरांच्या वहीतली एक वेलांटी तुम्ही कधी सोडली न्हाई. मला सहा वर्षं का सोडलं?"

सरांचा चष्मा हातातच राहिला. "तुम्ही फार खुशीत होता, आप्पा."

"व्हतो." आप्पांनी मान हलवली. "मिरवणूक निघाली तवा वाटलं, वेशीजवळ कुनीतरी हसंल. कुनी हसलं न्हाई. मग वाटलं, सत्काराला हसत्याल. तितंबी न्हाई. माझंच घर, माझीच मानसं, आन् एकबी हसंना. मग म्या म्हटलं, असंल बाबा खरं." ते माझ्याकडे वळले. "काल गिरणीत तुझ्या तोंडावर आलं व्हतं. मी वाट बघत व्हतो. तू ज्वारीवर गेलीस."

मला वर बघवेना.

"आप्पासाहेब," डहाळे घाईने म्हणाले, "आपण भावनेच्या भरात..."

"तुम्ही बसा." आप्पांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ते रेश्माच्या समोर जाऊन उभे राहिले, आणि मागच्या भिंतीपर्यंत पोचेल अशा, चालू गिरणीत बोलायच्या आवाजात म्हणाले,

"ऐक, रेश्मा. मी सातवी नापास हाय. प्रबंध कशाला म्हन्त्यात त्येबी मला ठावं न्हाई. ह्यांनी पैसं घेतलं आन् कागद दिला. ह्यांचं विद्यापीठ खोटं हाय, आन् माझी डॉक्टरकीबी खोटी हाय."